फेरीवाल्याचा नकाशा

दुपारी दोन ते चार निवाऱ्यातली सगळी कुत्री झोपत आणि झोपेतही आपापले उद्योग चालू ठेवत. कोणी शेपूट आपटायचं, कोणी स्वप्नातल्या मांजरावर दबक्या आवाजात गुरगुरायचं, पिल्लं हवेतलंच दूध ओढायची. पंख्यांच्या घरघरीत ते सगळं मिसळून जायचं आणि पत्र्याच्या फटींतून येणारं ऊन फरशीवर हळूहळू सरकत राहायचं. नकाशेकाकांना ही वेळ फार आवडायची. निवृत्तीनंतर मंगळवार आणि शुक्रवार त्यांनी इथं वाडगे घासायला आणि घोंगड्या वाळत घालायला दिले होते, त्यात बराचसा वाटा या दोन तासांचा होता.

नकाशेकाका हे त्यांना निवाऱ्यानंच दिलेलं नाव. चाळीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या बांधकाम खात्यात घरांचे नकाशे काढले, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं आणि कायमचे अडकले. निवाऱ्यात नावं अशीच चिकटत. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातल्या म्हाताऱ्या कुत्र्याचं नाव होतं फेरीवाला.

फेरीवाला दोन महिन्यांपूर्वी एका पहाटे फाटकाला बांधलेला सापडला. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. अंगावर तपकिरी केस, थोबाड पार पांढरं, मागचा डावा पाय जरासा ओढत चालायचा. आल्या दिवसापासून त्यानं फेऱ्या घालायला सुरुवात केली ती थांबलीच नाही. पिंजरा केवढा, तर चार पावलांचा. तेवढ्यात तो सरळ जायचा, तिरका व्हायचा, वळायचा, मान वर करून थांबायचा, आणि उलट फिरून तेच. खाणं नावाला. झोप लागली तरी चारही पाय हलत राहायचे. फेरी झोपेतही संपत नसे.

"काका, हा असाच राहिला तर महिना काढणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. निवारा त्याच चालवायच्या आणि गोड बोलून फसवायची त्यांना सवय नव्हती. "रोग नाही हो काही. नुसता ताण आहे. चाळीस कुत्र्यांच्या गोंगाटात हा जीव टिकायचा नाही. याला घर पाहिजे, आणि लवकर पाहिजे."

"येतात की माणसं रविवारी."

"येतात. पिल्लं बघतात, पिल्लं उचलतात. याच्यासमोर उभं राहून 'अरेरे' म्हणतात. अरेरे करायला काय जातंय?"

काकांनी एकदा त्याला स्वतःच्या घरी नेऊनही पाहिलं होतं. मुलाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट कागदावरच. फेरीवाल्याला उचलून वर नेताना काकांच्या कमरेनं राम म्हटला. घरात तर तो कपाटांवर, खुर्च्यांवर आदळत फिरला, जणू त्या वस्तू चुकीच्या जागी कोणी मुद्दाम आणून ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सूनबाईच म्हणाली, "बाबा, मला त्याची अडचण नाही, पण त्याला आपली होतेय." ती बरोबर बोलत होती. काका त्याला परत घेऊन आले आणि तो आठवडाभर आणखी वाळला. तेव्हापासून काकांना वाटायचं, आपण त्याला एक आशा दाखवून परत हिसकावून घेतली. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली होती.

त्या शुक्रवारी काका गच्चीवर घोंगड्या वाळत घालत होते. खाली अंगणात धुलाई नुकतीच संपलेली, एका कोपऱ्यात पाण्याचं थारोळं साचलेलं. डॉक्टरीणबाईंनी फेरीवाल्याला पाय मोकळे करायला सोडलं, तर तो थेट त्या पाण्यातून चालत गेला आणि कोरड्या फरशीवर त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. आता त्याच्याकडे हवी तेवढी जागा होती. काकांनी सहज खाली पाहिलं.

ओल्या पावलांची रेघ उमटत होती. आठ पावलं सरळ. मग मोकळ्या अंगणात, मध्ये काही आडवं नसताना, एक तिरका तुकडा. मग डावीकडे सहा पावलं, थांबणं, मान वर. मग समोर पाच पावलं, पुन्हा थांबणं, या वेळी मान आडवी, जशी पलंगाच्या काठावर टेकवावी तशी. मग माघारी. पाणी संपलं की तो थारोळ्यातून जायचा आणि तीच रेघ पुन्हा ओली करायचा, बोटभरसुद्धा न चुकता.

काकांच्या हातातली घोंगडी दोरीवर अर्धवट लटकत राहिली. वरून, बरोबर डोक्यावरून पाहिलेलं असं काहीतरी त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. घर असंच दिसतं, छप्पर काढून घेतलं की. हा सैरभैर फिरत नव्हता, आपल्या घरात वावरत होता. फक्त घर तिथं नव्हतं.

"बाई, टेप आहे का टेप? मापायची!" काका जिन्यावरून ओरडतच खाली आले. त्या वयाच्या माणसानं तसं उतरू नये. मग दोघांनी ऊन पावलं पुसून टाकायच्या आत एकेक अंतर मापलं. फेरीवाला त्यांच्या पायांतून वाट काढत आपलं काम करत राहिला.

संध्याकाळी काकांनी घरी मापं कागदावर मांडली आणि तो तिरका तुकडा काढताना त्यांचा हात थांबला. असा छाटलेला कोपरा त्यांनी जन्मात एकदाच काढला होता. कारखान्याच्या जुन्या वसाहतीत, बोळात, पाण्याचे नळ वर न्यायचे म्हणून. चाळीस घरं, सगळी एका साच्याची, आणि साचा काकांच्या हातचा. मूळ ट्रेसिंग, म्हणजे पातळ पारदर्शक कागदावरचा शाईचा नकाशा, त्यांच्याकडेच होतं. खात्यानं जुनी भेंडोळी रद्दीत काढली तेव्हा त्यांनी ते उचलून आणलं होतं आणि कपाटामागे असं खुपसलं होतं की स्वतःलाही सहज दिसू नये. त्याला कारण होतं.

ते त्यांनी काढलं, झटकलं आणि कुत्र्याच्या वाटेवर पसरलं. दार जुळलं. बोळ जुळला. छाटलेला कोपरा तर केसभरही न हलता चपखल बसला. स्वयंपाकघर जुळलं, मागची खोलीही जुळली. फक्त एका जागी फेरीवाला भिंतीतून आरपार जात होता.

काकांनी त्या जागेवर बोट ठेवलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या साहेबांनी पेन्सिलीनं कच्चा आराखडा दिला होता. त्यात स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये एक दार होतं, फिकट, दोन बारीक रेघांचं. काकांनी शाई भरून पेन ओढलं आणि एका दमात भिंत पूर्ण केली. दार राहून गेलं. लक्षात आलं तेव्हा नकाशाच्या निळ्या प्रती बांधकामावर पोचल्या होत्या. नवी नोकरी, तापट साहेब. काका मूग गिळून बसले. साहेबांनाही पुढं कळलं नाही, की कळूनही ते बोलले नाहीत, कोण जाणे. चाळीस घरं त्या भिंतीसकट उभी राहिली. काका पुन्हा कधी त्या रस्त्यानं गेले नाहीत. बायको सहा वर्षांपूर्वी गेली, तिलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

आणि आता हे म्हातारं जनावर दाराच्या नेमक्या जागेतून, डावीउजवीकडे वीतभरही न सरकता, ये-जा करत होतं. चाळीसांपैकी एका घरात कोणीतरी काकांची चूक दुरुस्त केली होती.

मंगळवारी काका वसाहतीत गेले. मान खाली घालूनच ते आत शिरले. घरं मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. दुरुस्तीच्या शेडमध्ये एक गवंडी वाळू चाळत बसला होता, काकांपेक्षा थोडा लहान.

"इथं कुणी स्वयंपाकघराची भिंत फोडली होती का हो? मागच्या खोलीकडची?"

गवंड्यानं चाळणी खाली ठेवली. "सत्तावीस नंबर. फोरमननं फोडली होती, स्वतःच्या हातानं. का?"

"आणि त्याच्याकडं एक कुत्रा होता. तपकिरी. मागचा पाय ओढणारा."

गवंडी हाताची वाळू झटकत राहिला. मग खाली बघत म्हणाला, "मीच बांधला त्याला कुत्र्यांच्या निवाऱ्याच्या फाटकाला. काय करणार? माझ्या घरी आधीच दोन बोके आहेत, ते त्याचे डोळे काढतील."

मग त्यानं सगळं सांगितलं. फोरमनची बायको नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेली. रांधणं-वाढणं सगळं फोरमनच करायचा. शेगडीपाशी उभं राहिलं की ती दिसायची नाही, म्हणून त्यानं भिंतीत दार पाडलं. तरी तिचा आवाज पुढं पुढं इतका बारीक झाला की ऐकू येईना. ते काम मग कुत्र्यानं घेतलं. पलंगाशी जायचं, बघायचं, काही हवं असलं की येऊन फोरमनसमोर मान वर करून उभं राहायचं. "आमचा जावई म्हणायचे त्याला दोघं. पोटची पोर नव्हती, तरी जावई." आधी बाई गेली, मग वर्षाच्या आत फोरमन. जागा रिकामी झाली तेव्हा वरून हुकूम आला, की घर नकाशाप्रमाणं पूर्ववत करून द्या.

"नकाशाप्रमाणं," काका म्हणाले.

"नकाशात भिंत आहे ना. मी काय करणार? मी विटा लावत होतो आणि तो पलीकडं बसून बघत होता. शेवटची वीट लावली तसा उठला आणि भिंतीला नाक लावून उभा राहिला. मला जेवण गेलं नाही त्या दिवशी."

काकांनी समोरच्या घरांकडं पाहिलं. आपल्या पेनाची एक रेघ, आणि चाळीस वर्षांनी ती दुसऱ्यांदा उभी राहिली होती, या मुक्या जीवाच्या तोंडासमोर.

"आता कोण राहतं तिथं?"

"एक शिंपीणबाई. नवरा दिवसपाळीला, सासूचं कंबरेचं हाड मोडलंय, ती मागच्या खोलीत. काठीनं भिंत ठोकून सुनेला हाक मारते. दोनदा गिलावा केला मी तिथं. हाड मोडलंय, पण हाताला काय ताकद आहे म्हातारीच्या!"

दुसऱ्या दिवशी काका आणि डॉक्टरीणबाई फेरीवाल्याला गाडीत घालून, त्याला ठेवून घेतात का विचारायला, सत्तावीस नंबरला पोचले. काकांनी ट्रेसिंगचं भेंडोळं काखेत घेतलं होतं. का घेतलं, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. गवंडीही आला. त्याला बोलावलं नव्हतं.

फेरीवाला गाडीतून उतरला आणि थबकला. नाक वर करून त्यानं हवा घेतली, एकदा, मग पुन्हा. त्याच्या चालीतलं, पाय ओढणं सोडून, सगळं बदललं. तो दाराशी जाऊन उभा राहिला, चावी विसरलेल्या माणसासारखा.

शिंपीणबाईनं दार उघडलं. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या. सगळं ऐकून तिनं टाचण्या काढल्या. "नाही हो. घरभर कापड पसरलेलं असतं माझं, त्यात याचे केस. आणि खरं सांगू का, दिवसभर एका माणसासाठी पळते, दुसऱ्यासाठी रांधते. आता तिसरा कुणी मला झेपायचा नाही. वाईट वाटतं, पण नाही."

ती बोलत होती आणि फेरीवाला तिच्या बाजूनं आत गेला होता. आठ पावलं सरळ. छाटलेल्या कोपऱ्यापाशी तिरका. डावीकडे स्वयंपाकघर. सगळे त्याच्या मागे. काकांना स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. चाळीस वर्षं पातळ कागदावर असलेलं घर आता आजूबाजूला उभं होतं, त्याला डाळ शिजल्याचा वास होता, खिडकीतून ऊन येऊन शिलाई मशीनवर पडलं होतं.

कुत्रा भिंतीपाशी गेला आणि थांबला. त्यानं भिंतीला नाक लावलं.

आपण पुन्हा तेच केलं, काकांना वाटलं. आशा दाखवली आणि भिंतीसमोर आणून उभं केलं. ते त्याला मागं घ्यायला पुढं झाले.

तेवढ्यात पलीकडून काठीचे तीन ठोके पडले. "कोण आलंय गं?"

फेरीवाल्याचे कान उभे राहिले. नाक भिंतीलाच होतं. मग त्यानं एक मोठा श्वास सोडला, भिंतीकडं पाठ केली आणि निघाला. बोळातून, छाटलेल्या कोपऱ्यावरून, पुढच्या खोलीतून, लांबचा वळसा घालत. ही वाट त्याच्या फेरीत कधीच नव्हती. पावलांचा आवाज लांब गेला आणि भिंतीपलीकडे उमटला.

"अगं बाई! तू कोण रे?" म्हातारीचा आवाज आला. मग पावलं परत, तोच वळसा, आणि फेरीवाला शिंपीणबाईसमोर येऊन मान वर करून उभा राहिला.

"काय?" ती म्हणाली. "काय रे?"

तो वळला, दोन पावलं गेला, मागं पाहिलं. ती त्याच्या मागं गेली. परत आली तेव्हा हातात रिकामा तांब्या होता. "पाणी सांडलंय त्यांच्या अंथरुणात," ती हळू म्हणाली. "मघाचंच. मला उठवायचं जिवावर आलं म्हणून तशाच ओल्यात पडून होत्या. कोण आलंय विचारायला ठोकतात, तशी यासाठी ठोकली असती तर मी गेले नसते का? पण मी काल चिडले होते ना ठोकण्यावरून." तिनं तोंड फिरवून डोळे पुसले. डॉक्टरीणबाईंना कधी नव्हे ते खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

अंथरूण बदलून झालं. फेरीवाल्यानं मध्ये आणखी दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही वळशानं.

"बाई," काका शिंपीणबाईला म्हणाले, "एक सांगायचं आहे. इथं दार होतं. असायला हवं होतं. हे घर मी काढलंय. ते दार काढायचं माझ्याकडून राहिलं आणि मी भीतीनं कुणाला बोललो नाही."

शिंपीणबाईनं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. "म्हणजे दिवसातून शंभर वेळा मी जी प्रदक्षिणा घालते, ती तुमच्यामुळं?"

"हो."

"धन्य आहे तुमची!" ती म्हणाली, आणि हसू आवरेना म्हणून खुर्चीत बसली. काकांनी चाळीस वर्षं ज्या क्षणाची धास्ती घेतली होती, तो हा असा आला आणि गेला. त्यांना हलकं वाटलं, आणि थोडा रागही आला, स्वतःचाच. इतकंच तर होतं.

"आता पाडता येईल का?" तिनं विचारलं. "घर नाही ना कोसळायचं?"

"अर्ध्या विटेची आहे. तिच्यावर कसलाच भार नाही," काका म्हणाले. "कधीच नव्हता."

"मी आज फोडतो," गवंडी म्हणाला. "पण नकाशात पाहिजे. नकाशात नसलं तर पुन्हा मलाच बांधायला लावतील."

काकांनी शिंपीणबाईच्या कापायच्या टेबलावर ट्रेसिंग पसरलं. तिच्याकडं अर्धं ब्लेड मागितलं, उसवायला ठेवलेलं. जुन्या पद्धतीनं, कागद फाटू न देता, त्यांनी भिंतीची शाई अलगद खरवडली. दाराच्या रुंदीएवढीच. काळी भुकटी फुंकून टाकली. खाली तारीख घातली, आजची, आणि 'मूळ आराखड्याप्रमाणे दुरुस्ती' लिहून सही केली. गवंड्यानं कागद उन्हाकडं धरून पाहिला आणि वसाहतीच्या आताच्या साहेबांकडे आपण स्वतः नेऊ म्हणाला.

"आणि कुत्रा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. इतका वेळ कोणी विचारलं नव्हतं.

शिंपीणबाई काही बोलायच्या आत पलीकडून तीन ठोके पडले. "जावईबापू कुठं जायचे नाहीत! इथंच राहायचेत!" गवंड्यानं चमकून काकांकडं पाहिलं. ते नाव म्हातारीला कोणीच सांगितलं नव्हतं.

"बघा," शिंपीणबाई म्हणाली. "माझं कोण ऐकतंय या घरात? केस मात्र तुम्ही येऊन झाडायचे, काका. मंगळवार-शुक्रवार."

गवंड्याला फोडायची जागा भिंतीवर आखून द्यायला काकांनी खिशातून पेन्सिल काढली. उभ्या आयुष्यात त्यांनी सगळी घरं वीतभर कागदावर काढली होती. खऱ्या मापाचं दार ते पहिल्यांदाच काढत होते. वरची आडवी रेघ झाली. डावी उभी रेघ जमिनीपर्यंत आली. उजवी रेघ खाली आणता आणता ते गुडघ्यावर बसले आणि थांबले.

भिंतीला पाठ लावून, अगदी रेघेच्या वाटेवर, फेरीवाला झोपला होता. काकांनी त्याच्या पायांकडं पाहिलं. चारही पाय स्वस्थ होते.

"काय झालं? थांबलात का?" पलीकडून म्हातारीनं विचारलं.

"हळू बोला," काका म्हणाले. पेन्सिल कानावर ठेवून ते त्याच्याशेजारी फरशीवर बसून राहिले. भिंतीवरची ती रेघ जमिनीपासून दीड वीत वरच थांबली होती.